मधली पायरी

फराळाच्या निमित्ताने मंडळी एकत्र जमली की बोलण्याचे विषय बहुधा ठरलेले असतात. चकलीला काटा नीट आला की नाही, जागांचे भाव, मुलीचे लग्न आणि गुडघेदुखी. अलीकडे या यादीत आणखी एका विषयाची भर पडली आहे. पंचावन्नाच्या पुढचे गृहस्थ चहाची कपबशी खाली ठेवतात आणि सुस्कारा टाकून म्हणतात, "काय सांगू तुम्हाला, ऑफिसातली ही नवी पोरं! ऐकतच नाहीत हो कुणाचं." नेमके त्याच वेळी आतल्या खोलीत त्यांचेच चिरंजीव मित्राला सांगत असतात, "आमच्या ऑफिसात सगळे म्हातारे भरलेत रे. धड काही सांगत नाहीत आणि करूही देत नाहीत." एकाच छपराखाली ही दोन वाक्ये उच्चारली जातात आणि मध्ये फक्त एक भिंत असते!

वाचकहो, या सदरातून वर्षभर आपण घरातल्या लहानसहान प्रश्नांवर बोलतो. दिवाळी अंकात जरा ऐसपैस बसायला जागा असते, म्हणून आज घराबाहेरच्या पण घरापर्यंत येऊन पोहोचणाऱ्या या प्रश्नाकडे वळावे म्हणतो. कचेरीत दिवसभर जे मनाला लागते, ते संध्याकाळी जेवणाच्या ताटावर येऊन बसतेच. तेव्हा गृहिणींनीही हा विषय आपला नाही म्हणून पान उलटू नये.

माझी या विषयातली पुंजी म्हणजे एका सरकारी बँकेत काढलेली अडतीस वर्षे. १९७९ साली कारकून म्हणून चिकटलो आणि २०१७ साली शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. बँकेचे नाव सांगत नाही. सांगितले, तर आपल्यापैकी कुणाचे ना कुणाचे खाते तिथे निघेल आणि पासबुकाच्या तक्रारी माझ्या पत्त्यावर येऊ लागतील!

मी लागलो त्या काळी बँकांची भरभराट होती. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पुढे १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहांचे झाले. गावोगाव शाखा निघत होत्या आणि दरवर्षी नवी माणसे भरती होत होती. त्यामुळे कुठल्याही शाखेत गेलात तरी सगळ्या वयांची माणसे ओळीने बसलेली दिसत. माझ्या शेजारी तिशीतला कारकून, त्याच्या पलीकडे चाळिशीतले हेडक्लार्क आणि काचेच्या केबिनमध्ये पंचावन्नाचे शाखाधिकारी. जुनी माणसे त्यांना अजून एजंटसाहेब म्हणत.

नव्या कारकुनाचे काही चुकले, तर एजंटसाहेब त्याला कधीच बोलत नसत. ते हेडक्लार्ककडे पाहत. हेडक्लार्क तिशीतल्या कारकुनाकडे पाहत. आणि तो कारकून चहाच्या वेळी नव्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "हे बघ, लेजरातला आकडा कधी गिरवायचा नाही. आडवी रेघ मारायची, वर नवा लिहायचा आणि बाजूला सही. उद्या कुणी विचारलं तर आधी काय होतं ते दिसलं पाहिजे." केबिनमधून उकळता निघालेला चहा टेबलापर्यंत येईतो पिण्याजोगा होई, तसेच हे. आणि खालची कुरकूरही याच वाटेने वर जाई. "पोरगं जरा लांबून येतं, त्याला पाच मिनिटं सवलत द्या," हे हेडक्लार्कने सांगितले की साहेबांना पटे. त्या पोराने स्वतः जाऊन सांगितले असते, तर उद्धटपणा ठरला असता.

म्हणजे शाखा हा एक जिना होता. म्हाताऱ्यांना तरुणांशी थेट बोलावे लागतच नव्हते. मधल्या पायऱ्या ते काम करीत होत्या. आणि खरे सांगायचे तर पिढ्यांमधला समंजसपणा म्हणून आज आपण ज्याच्या आठवणी काढतो, त्यातला बराचसा भाग या मधल्या माणसांच्या पदरात घालायला हवा.

पुढे हा जिना मधोमधच निखळला. त्याला कारणे होती आणि ती कुणा एकाच्या दुष्टपणाची नव्हती. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांत संगणक आणण्याची रूपरेषा दिली. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांना धास्ती होती. ती अगदीच पोकळ नव्हती. १९९३ साली बँका आणि संघटना यांच्यात संगणकाविषयी करार झाला आणि यंत्रे शाखाशाखांत येऊन बसली. जे काम दहा माणसे करीत ते सहांत होऊ लागले. साहजिकच नवी भरती आटली. भरीला २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून एक लाखाच्या वर माणसे एका झपाट्यात घरी गेली. बरीच वर्षे जिन्याला खालून नवी पायरी लागली नाही. मग आहेत त्यांचीही निवृत्ती जवळ आली, तेव्हा वरच्यांना जाग आली. २०११ पासून सरकारी बँकांसाठी सामाईक लेखी परीक्षा सुरू झाली आणि तरुण मुलामुलींचा लोंढाच्या लोंढा शाखांत शिरला.

२०१३ साली ठाण्याच्या बाजूच्या एका शाखेचा कारभार माझ्याकडे आला. मला धरून आम्ही पंधरा जण होतो. नऊ जण पन्नाशीच्या पुढचे आणि सहा जण तिशीच्या आतले. मध्ये कुणी म्हणजे कुणीच नाही. एका बाजूला डब्यात घडीची पोळी आणि लोणचे, दुसऱ्या बाजूला मोबाइलवरून मागवलेले काहीतरी. एका बाजूला निवृत्तीनंतरच्या फंडाचा हिशोब, दुसऱ्या बाजूला पुढच्या परीक्षेची पुस्तके. भांडण मात्र नव्हते बरे का! भांडायला निदान बोलावे तरी लागते.

पहिली अडचण संबोधनाची आली. परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून आलेली चोवीस वर्षांची एक मुलगी होती, नांदेडकडची. आमच्या हेडकॅशियरांचे वय अठ्ठावन्न, म्हणजे तिच्या वडिलांहून चार वर्षे जास्त. कागदोपत्री मात्र ती वरची आणि ते खालचे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, जरा ते व्हाउचर देता का?" हेडकॅशियर गोरेमोरे झाले. म्हणाले, "बाई, मी तुमचा काका नव्हे. बँकेत काका नसतात." मुलीचा चेहरा उतरला. तिच्या गावाकडे वडीलधाऱ्या माणसाला नुसते आडनावाने हाक मारणे हाच अपमान. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना 'सर' म्हणू लागली. त्यांना वाटले, अधिकारी असून आपल्याला सर म्हणते आहे, म्हणजे थट्टा करते आहे! महिनाभर हा प्रकार चालला. शेवटी मी दोघांना समोर बसवून विचारले, "तुम्हाला कसं बोलावलेलं आवडेल?" ते म्हणाले, "कॅशियरसाहेब." ती म्हणाली, "मला नुसतं नावानं हाक मारा, पण गिऱ्हाइकासमोर मॅडम म्हणा, नाहीतर ते माझं ऐकत नाहीत." झाले! दोन मिनिटांचे काम. माणसाला काय म्हणून हाक मारावी हे त्यालाच विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही, एवढेच.

दुसरी अडचण शब्दांच्या अर्थाची. आमच्या पिढीत 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होतो. 'जमलं तर बघ' याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता कर'. आणि 'तुमचं चालू द्या' याचा अर्थ 'मी रागावलो आहे'. हे अर्थ शब्दकोशात नाहीत. ते आम्हाला मधल्या पायरीने शिकवले होते. नव्या मुलांना ते कुणी शिकवावेत? ती बिचारी 'बघू' म्हटल्यावर खरोखरच वाट बघत बसत. उलट त्यांच्या 'हो सर'चा अर्थ 'करतो' असा नसून 'ऐकले' एवढाच आहे, हे आमच्या मंडळींच्या ध्यानात यायला फार दिवस लागले.

तिसरी अडचण रजेची. एका तरुण अधिकाऱ्याने एके दिवशी सकाळी मोबाइलवर संदेश पाठवला, "सर, आज येत नाही, बरं नाही." पुढे काही नाही. आमची जुनी मंडळी खवळली. "अर्ज नाही, फोन नाही, ही काय पद्धत झाली?" मुलाचे म्हणणे, "संदेश लेखी आहे, वेळ नोंदलेली आहे, आणि फोन करून सकाळी सकाळी कशाला त्रास द्यायचा?" दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या. पण खरी गोम तिसरीच होती. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्या दिवशी त्याच्याकडे होती! बँकेची तिजोरी दोन माणसांच्या दोन किल्ल्यांनी उघडते. एकाची किल्ली दुसऱ्याकडे असता कामा नये. किल्ल्यांचा दुसरा जोड दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, तो काही उठल्यासुटल्या आणता येत नाही. किल्ली अंधेरीला अंथरुणात आणि गिऱ्हाइके ठाण्याला रांगेत, अशी ती सकाळ होती. मुलगा अंगात ताप असताना रिक्षा करून आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाला, "किल्ली घ्या म्हणून सांगितलं, सही घेतली. पण ती नसली तर सगळी शाखा अडते, हे कुणी सांगितलंच नाही."

मला त्या दिवशी उमगले ते हे. आम्ही नव्या मुलांना 'काय करायचे' ते सांगत होतो. 'का करायचे' ते सांगत नव्हतो. आमच्या वेळी आम्हाला तरी कुठे कुणी सांगितले होते, असे यावर आमची मंडळी म्हणतात. पण सांगितले होते! केबिनमधल्या साहेबाने नसेल. चहाच्या टपरीवर त्या तिशीतल्या कारकुनाने सांगितले होते. हुकूम वरून येई आणि कारण शेजारून कळे. आता शेजारच नाहीसा झाला आहे आणि आम्ही नुसता हुकूम देऊन मोकळे होत आहोत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

आमचे हेडकॅशियर म्हणजे नोटांच्या बाबतीत जादूगार. नोट हातात आली की अंगठ्यानेच खरी-खोटी सांगत. पण संगणकाशी त्यांचे कधी जमले नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला संगणकाचा स्वतःचा परवलीचा शब्द असतो. त्याने केलेली प्रत्येक नोंद त्याच्या नावावर पडते आणि दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने ती तपासून मंजूर करायची असते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने पाहायचे. तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखेच. हेडकॅशियरांनी आपला परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून शेजारच्या तरुण कारकुनाला देऊन टाकला होता. तो भराभर नोंदी करी, हे नोटा मोजत. काम झटपट होई. दोघेही खूश. नांदेडच्या मुलीच्या हे लक्षात आले होते. पण ती बोलली नाही.

२०१४ सालच्या एका दुपारी अठ्ठेचाळीस हजार रुपये चुकीच्या खात्यात जमा झाले. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता. नोंद हेडकॅशियरांच्या नावाने पडलेली. मंजुरी त्या मुलीची. आणि ज्या मिनिटाला नोंद झाली, त्या मिनिटाला हेडकॅशियर मागच्या खोलीत डबा खात होते!

ते माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. बसा म्हटले तरी बसेनात. म्हणाले, "साहेब, मी तेव्हा जेवत होतो. चार माणसांनी पाहिलंय." मी काहीच बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "पण हे मी लिहून दिलं, तर शब्द दुसऱ्याला दिला हेही लिहावं लागेल. आणि तो तर मोठा गुन्हा." निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत साधा मेमोसुद्धा मिळालेला नव्हता. चौकशी लागली तर निवृत्तीच्या वेळचे पैसे अडकतात, हे त्यांना ठाऊक होते. धाकट्या मुलीचे लग्न त्याच पैशांवर ठरायचे होते.

सुदैवाने ज्याच्या खात्यात रक्कम गेली तो आमचा जुना दूधवाला निघाला. संध्याकाळी येऊन त्याने आपणहून सही करून दिली आणि रक्कम जागच्या जागी गेली. मी मात्र झाला प्रकार होता तसा वर कळवला, कारण लपवलेली गोष्ट बँकेत व्याजासकट परत येते. तिघांचेही खुलासे मागवले गेले आणि ताकीद देऊन प्रकरण मिटले. वरच्या कचेरीने मग सगळ्या शाखांना चार पानी परिपत्रक पाठवले. परवलीचा शब्द दुसऱ्याला देऊ नये, हे त्यात सहा वेळा लिहिले होते. मी हेडकॅशियरांना संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवा म्हणून पत्र टाकले. उत्तर आले, "दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांना जागा देता येत नाही." म्हणजे माणसाच्या हातात चाकू द्यायचा, तो धरायला शिकवायचे नाही आणि बोट कापले की परिपत्रक काढायचे!

त्या संध्याकाळी मी दोघांशी वेगवेगळे बोललो. हेडकॅशियर म्हणाले, "या शाखेत किती जणांना मी नोटा मोजायला शिकवलं, साहेब. आता मुलीच्या वयाच्या पोरीला 'हे कसं करायचं' म्हणून विचारू? एकदा विचारलं होतं. तिनं अशी भराभर बोटं चालवली की मला दिसलंच नाही. 'झालं' म्हणाली. झालं ते मलाही दिसत होतं. कसं झालं ते कुठं कळलं?"

आणि ती मुलगी म्हणाली, "सर, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की हे बरोबर नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाला मी कसं सांगू? त्यांना अपमान वाटला असता."

वाचकहो, या दोन उत्तरांत उद्धटपणा तुम्हाला कुठे सापडतो का? मला सापडला नाही. एक जण अब्रूला जपत होता, दुसरी आदराला जपत होती. आदरापोटी दोघेही गप्प होते आणि त्या गप्प बसण्याने दोघांचीही नोकरी पणाला लागली होती. पिढ्यांमधल्या अंतराच्या गोष्टी आपण करतो, तेव्हा तरुण बेमुर्वत आणि म्हातारे हेकट असे समजून चालतो. माझा अनुभव असा की, निम्म्याहून अधिक वेळा दोन्हीकडे सद्भावच असतो. फक्त तो पोहोचवणारा मधला माणूस नसतो. तो माणूस बाहेरून आणता येत नाही. तेव्हा अधिकाऱ्याने स्वतःच ती मधली पायरी व्हायचे असते.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. संध्याकाळी रोख बंद झाली की अर्धा तास दोघांनी एका टेबलाशी बसायचे, असे ठरवले. पंधरा मिनिटे तिने त्यांना शिकवायचे, पंधरा मिनिटे त्यांनी तिला. एकतर्फी शिकवणी ठेवली असती तर ते आलेच नसते. देवाणघेवाण म्हटल्यावर आले. नियम एकच: जो शिकतो आहे त्याचेच हात चालले पाहिजेत, शिकवणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधायचे. पहिले चार दिवस त्या मुलीला हात मागे ठेवताना जो त्रास झाला, तो पाहण्यासारखा होता! पण हेडकॅशियर आपल्या दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, नोंद पुरी करू लागले. दीड महिन्यात ती चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली आणि नवा शब्द घातला. तो मात्र त्यांनी कुणाला सांगितला नाही.

आणि त्यांनी तिला काय शिकवले? फाटकी नोट केव्हा घ्यायची हे तर पुस्तकातही असते. पण एखादी वृद्ध बाई मुदतठेव मोडायला आली, सोबत कधी न पाहिलेला 'भाचा' आहे, आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती त्याच्या तोंडाकडे पाहते. अशा वेळी फॉर्म पुढे करायचा नाही, बाईंना आत बोलावून चहा द्यायचा आणि भाच्याला बाहेर बसवायचे, हे कुठल्या परीक्षेत येते? पुढे दोनेक महिन्यांनी त्या मुलीने असाच एका आजींना चहा दिला. आजींची ठेव शाबूत राहिली.

यातून आम्ही एक वही सुरू केली. कुठल्या पेन्शनरांचा हात कापतो म्हणून सही जुळत नाही, कुणाला जिना चढवत नाही, कुठल्या संस्थेच्या चेकवर दोन सह्या लागतात, असले सगळे जुन्यांच्या डोक्यातले ज्ञान नव्यांनी त्यात उतरवून घेतले. माणूस निवृत्त होतो तेव्हा बँक त्याला हार घालते आणि त्याच्या डोक्यातला दप्तरखाना रद्दीत टाकते. तो निदान आमच्या शाखेपुरता वाचला.

या सगळ्याची परीक्षा ८ नोव्हेंबर २०१६ नंतर झाली. त्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि १० तारखेला शाखा उघडल्या तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून पार दवाखान्यापर्यंत गेली होती. हेडकॅशियरांचा निवृत्तीआधीचा तो शेवटून दुसरा महिना. रजा शिल्लक होती. घेतली असती तर कुणी नाव ठेवले नसते. ते रोज साडेआठला येत. त्यांचे स्वतःचे नाव, स्वतःचा शब्द, स्वतःच्या दोन बोटांनी नोंद. शेजारच्या खिडकीत ती मुलगी. रांगेतला कुणी चढ्या आवाजात बोलू लागला की ते काचेतून म्हणत, "मॅडम सांगतात ते बरोबर आहे, भाऊसाहेब." आणि त्यांचा आकडा अडला की ती आपले काम थांबवून त्यांच्यामागे येऊन उभी राही. हात पाठीमागे बांधून!

ही काही माझी एकट्याची शक्कल आहे असे समजू नका. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ साली आपल्या पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी कंपनीतल्या तरुणांची शिकवणी लावली होती आणि स्वतःलाही त्यातून वगळले नव्हते. त्याही आधी, १९२८ साली, कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने पिढ्यांवरच्या आपल्या निबंधात म्हटले होते की, पिढी नुसत्या जन्मसालाने होत नाही. उमलत्या वयात जे एकत्र अनुभवले त्याने होते. हेडकॅशियरांनी उमलत्या वयात लेजरे पाहिली, त्या मुलीने पडदा पाहिला. कुणी कुणापेक्षा शहाणे नाही. दोघांचे शहाणपण वेगवेगळ्या खात्यांत जमा आहे, इतकेच.

खाजगी कंपन्यांत हाच प्रश्न उलटा उभा आहे. तिथे बत्तीस वर्षांचा साहेब असतो आणि पन्नाशीचा गृहस्थ त्याच्या हाताखाली. साहेबाला वाटते, या वडीलधाऱ्या माणसाला चूक कशी दाखवू; म्हणून तो गप्प राहतो आणि वर्षअखेरीस अहवालात एकदम काहीतरी भलतेच लिहितो. त्या गृहस्थांना वाटते, पोराने एकदा समोर बसवून सांगितले असते तर सुधारलो असतो. पुन्हा तेच, आदरापोटीचे मौन! ताकदीने कमी पडलेली माणसे मी थोडी पाहिली. वेळेवर न सांगितल्यामुळे मागे पडलेली पुष्कळ पाहिली.

तेव्हा तरुण वाचकांना एवढेच सांगणे आहे की, वडीलधाऱ्या सहकाऱ्याला चारचौघांत दुरुस्त करू नका, पण एकांतात जरूर सांगा. तुमचे न सांगणे त्यांना आदर म्हणून पोहोचत नाही; कधीकधी ते त्यांच्या पेन्शनीवर येते. शिकवताना त्यांच्या हातातले काम ओढून घेऊ नका. आणि 'का' हा प्रश्न विचारायला लाजू नका, मात्र 'कशाला' या सुरात विचारू नका. या दोन शब्दांत मराठीने जेवढे अंतर ठेवले आहे, तेवढे तुम्हीही ठेवा.

माझ्या वयाच्या वाचकांना सांगायचे तर, 'आमच्या वेळी' या शब्दांनी वाक्य सुरू करायचेच असेल, तर ते 'म्हणून तेव्हा असं करावं लागे' इथपर्यंत पुरे करा. अर्धे सोडलेत तर ती बढाई होते, पुरे केलेत तर ती माहिती होते. 'बघू' म्हणायचे असेल तेव्हा 'नाही' म्हणा. आणि आपल्याला येत नाही ते धाकट्याला विचारल्याने वय कमी होत नाही. झाले तर थोडे हलकेच होते.

भाऊबीज झाली की कचेऱ्या पुन्हा सुरू होतील. टेबलावर साचलेले काम असेल, डब्यात उरलासुरला चिवडा असेल. चिवड्याचा डबा शेजारच्या टेबलावर नेताना त्या टेबलावरच्या माणसाला एक प्रश्न विचारा. तुम्ही पंचवीसचे असाल तर विचारा, "हे असं का करतात?" पंचावन्नचे असाल तर विचारा, "हे कसं करतात?" आणि उत्तर मिळेपर्यंत आपले हात पाठीमागे ठेवा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.